ध्यानगृहाच्या भिंतीत माती किती, सिमेंट किती?

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात 'विंडहोव्हर' नावाची वास्तू आहे. विद्यार्थ्यांनी, कर्मचाऱ्यांनी यावं, शांत बसावं, विचार करावा, यासाठी ती २०१४ साली खुली झाली. आत चित्रकार नेथन ऑलिव्हेरा यांची भलीमोठी चित्रं आहेत. त्यांवर छतातून उजेड पडतो, बाकी खोली मंद. पण खरं काम करतात त्या भिंती. त्या रॅम्ड अर्थच्या, म्हणजे साच्यात माती ठोकून उभ्या केलेल्या आहेत.

अशी भिंत जड असते. घनमीटरला सुमारे २,००० किलो, म्हणजे ४५ सेंटिमीटर जाडीला प्रत्येक चौरस मीटरमागे ९०० किलो. एवढ्या वजनातून बाहेरचा आवाज सहज आत येत नाही. उष्णताही रेंगाळते. दुपारचं ऊन आतल्या पृष्ठभागावर पोचायला बारा-तेरा तास लागतात, आणि तोवर चढउतार जवळजवळ विरलेला असतो. स्टॅनफर्डला उन्हाळ्यात दिवसा २६ अंश तर रात्री १३, त्यामुळे रात्री खिडक्या उघडल्या की भिंती थंड होतात. पंख्या-एसीची घरघर नसणं हे ध्यानगृहात विजेच्या बचतीइतकंच मोलाचं.

मातीची निवड बरणीत होते. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ तासा-दोन तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. वाळू-खडी ५० ते ७० टक्के आणि चिकणमाती १५ ते ३० टक्के असली की जमलं. चिकणमाती जास्त झाली तर सुकताना तडे जातात, कमी पडली तर कडा भुरभुरतात.

ओलावा ८ ते १२ टक्के. मुठीत वळलेला गोळा दीड मीटरवरून टाका. चारपाच तुकडे झाले तर ठीक. भुगा झाला तर पाणी कमी, चेपून तसाच राहिला तर जास्त. मग शटरिंगमध्ये १५ सेंटिमीटरचा थर पसरून धुम्मस मारायची, तो १० सेंटिमीटरवर येईपर्यंत. ठोकण्याचा बद्द आवाज खणखणीत झाला की पुढचा थर. घाईत जाड थर टाकले तर वरचा भाग घट्ट होतो, खालचा पोकळ राहतो आणि पुढे तिथूनच माती सुटते. भिंतीचा पाया ओला राहिला तर बाकी सगळी मेहनत वाया. जोतं किमान ३० सेंटिमीटर हवं, त्यावर ओल अडवणारा थर, आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडायला हव्यात.

आता सिमेंट. भूकंपप्रवण प्रदेशात नुसत्या मातीवर भागत नाही. सळई येते आणि ५ ते १० टक्के सिमेंट मिसळतात. ८ टक्के धरले तर घनमीटरला १६० किलो, काँक्रीटमध्ये लागतं त्याच्या निम्मे. ऐकायला छान. पण ४५ सेंटिमीटर जाड भिंतीत चौरस मीटरमागे ७२ किलो सिमेंट जातं, तर १५ सेंटिमीटरच्या काँक्रीट भिंतीत पन्नासच्या आसपास! म्हणून 'मातीची आहे, म्हणजे पर्यावरणपूरक' हे आम्हाला पटत नाही. आधी जाडी विचारा, मग टक्केवारी. भिंत ३० सेंटिमीटरवर आणून सिमेंट ५ टक्के केलं तर आकडा ३० किलोवर येतो, उष्णतेचा उशीर मात्र नऊ तासांपर्यंत घटतो. हा सौदा प्रत्येक जागी वेगळा.

महाराष्ट्रात हे करायचं तर काळी माती वापरू नका. ती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते. मुरमात थोडी चिकणमाती मिसळलेली बरी. देशावर कोरड्या हवेत रात्री गारवा असतो, तिथे जाड भिंतीचा उपयोग होतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात रात्रही जवळपास दिवसाइतकीच उबदार आणि दमट. भिंतीला थंड व्हायला वेळच मिळत नाही. तिथे तोच खर्च खोल पडव्यांवर आणि आरपार वाऱ्यावर करावा.