गिरणी थांबली, कंपनी जगली

कंपनी किती वर्षं जगते? अमेरिकेतल्या सँटा फे इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१५ मध्ये शेअर बाजारातल्या २५,००० हून अधिक उत्तर अमेरिकी कंपन्यांच्या नोंदी तपासल्या. निम्म्या कंपन्या साधारण १० वर्षांत नाहीशा होतात, त्याही बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन. आणि वयाचा त्या धोक्याशी जवळपास संबंधच नाही: पाच वर्षांची कंपनी काय नि पन्नास वर्षांची काय, पुढच्या वर्षी गायब होण्याची शक्यता सारखीच.

जुनं नाव तारत नसेल, तर काय तारतं? आपल्या लालबाग-परळकडे बघा.

लालबागला १८९७ मध्ये गोदरेजनं कुलुपं बनवायला सुरुवात केली. १९५५ मध्ये टाइपरायटर आला. पुढे संगणकानं त्याचा बाजार संपवला, पण धातूकामाचं कसब हाताशी राहिलं. आज त्याच घराण्याच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांसाठी ‘विकास’ इंजिनं तयार होतात.

जवळच लोअर परळला १९०५ ची फिनिक्स मिल. गिरण्यांचं मरण १९८२ च्या संपावर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. अनेक गिरण्यांतले साचे, म्हणजे माग, आधीच जुनाट झाले होते आणि भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघत होतं. त्यात जमिनीचे भाव चढत गेले. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नुसार गिरणीची जमीन विकसित करायची, तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. इमारतींखालची जमीन तिच्यातून सुटली. सुप्रीम कोर्टानंही २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली.

फिनिक्सच्या आवारात आज मॉल आहे, आणि कंपनी शेअर बाजारात ‘फिनिक्स मिल्स’ याच नावानं नोंदलेली आहे. हिशेबाच्या वहीत दोन्ही कंपन्या जिवंतच. एकीनं कसब नव्या मालाकडे वळवलं, दुसरीनं जमीन नव्या धंद्याला लावली. हेही नवं काही करणंच आहे, पण कुठलं नवेपण फायद्याचं ठरेल, हे बरंचसं नियम ठरवतात. साचे बदलण्यापेक्षा जमीन जास्त देत असेल, तर साच्यांत पैसा कोण घालणार? त्या दुरुस्तीनं म्हाडाचा वाटा आक्रसला, म्हणजे गिरणी कामगारांच्या घरांसाठीची जागाही आक्रसली. त्यांचे वारस अजून घरासाठी थांबलेत, आणि कंपन्यांचं आयुष्य मोजणाऱ्या कुठल्याच तक्त्यात त्यांचा रकाना नाही.