डिंक फुलेना तेव्हा

गेल्या थंडीत वाण्याकडून लाडवासाठी डिंक आणला आणि तो कढईत फुलेचना. तूप कडकडीत, आच बरोबर, तरी खडे तसेच, शेवटी करपले. आईला शंका आली. तिने एक खडा रात्री वाटीत भिजत घातला. सकाळी वाटीत थुलथुलीत गोळा. वाण्याने गोंद कतिरा दिला होता.

दोन्ही झाडांचेच पाझर, दोन्ही साखरेच्या रेणूंच्या लांब माळा, म्हणजे पॉलिसॅकराइड. फरक माळ ओवण्यात आहे. बाभळीच्या डिंकात गॅलॅक्टोजचा कणा, त्याला अरॅबिनोज, ऱ्हॅम्नोज, ग्लुकुरॉनिक आम्ल यांच्या फांद्या, फांद्यांना पुन्हा फांद्या. रेणू करवंदीच्या जाळीसारखा आटोपशीर गोल होतो. असे गोळे एकमेकांत फारसे गुंतत नाहीत, म्हणून 100 ग्रॅम द्रावणात 30 ग्रॅम डिंक असला तरी ते ओतता येतं. गवारीच्या बियांतला गम नेमका उलटा: मॅनोजची लांब सरळ साखळी, साधारण दर दुसऱ्या मॅनोजला एक गॅलॅक्टोज लटकलेलं. हे लांबडे रेणू पाण्यात ऐसपैस पसरून एकमेकांत अडकतात. एक टक्क्यातच पाणी दाट! आइस्क्रीमवाल्यांना तो हवा असतो तो यासाठीच.

आता कतिरा. आपल्याकडे या नावाने बरेचदा कांडोळाचा डिंक विकतात. रात्री पांढरंफटक दिसणाऱ्या खोडामुळे याच झाडाला भुत्या म्हणतात. (भूत नाही, नुसती पांढरी साल.) त्याच्या साखळीवर अ‍ॅसिटिल गट चिकटलेले असतात. ते असेपर्यंत रेणू धड विरघळत नाही, पाणी पिऊन नुसता फुगतो. अल्कलीने ते गट काढून टाकले की विरघळतो. साठवणीत ते आपोआपही सुटतात आणि त्यांचं अ‍ॅसेटिक आम्ल होतं. जुन्या डब्याला व्हिनेगरचा वास येतो तो त्याचा. कवळी हिरड्यांना धरून ठेवणाऱ्या पावडरीतही हाच डिंक असतो.

खाण्याच्या डिंकाच्या खड्यात थोडं पाणी अडकलेलं असतं. तापल्या तुपात खडा मऊ पडतो, आतली वाफ त्याला फुगवते, गार होताच तो कुरकुरीत होतो. तूप कोमट असेल तर मध्ये कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो.

‘डिंकाने सांध्यांना वंगण मिळतं’ हे मात्र सोडा. त्याच्या माळा तोडणारं विकर आपल्या पचनरसांत नाही. तो मोठ्या आतड्यात जिवाणूंचं खाद्य होतो. गुडघ्यापर्यंत पोचत नाही. लाडू खुशाल खा, चवीसाठी.

उरलेला कतिरा उन्हाळ्यात सरबतात संपला.