ऑनलाइन गाण्याच्या तासाला बसण्याआधी
(विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक)

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या वर्गात गायन आणि पेटी शिकवतो. खानापूर, निपाणी, चंदगडच्या मुलांना आठवड्यातून दोनदा बसने येणं परवडत नाही, आणि बरेच जुने विद्यार्थी नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला गेलेत. व्हिडिओ कॉलवरचे तास त्यांच्यासाठी आहेत. नव्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शिक्षक गातात तेव्हा मूल गप्प का बसतं, त्यांच्यासोबत का गात नाही? कारण कॉलवर एकत्र गाता येतच नाही. ते नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आवाज उशिरा पोचतो

नेट चांगलं असलं तरी तुमचा आवाज आमच्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो, कधी पाचवा. आमचा आवाज तुमच्याकडे यायला तेवढाच. गप्पा मारताना हे जाणवतही नाही. द्रुत म्हणजे जलद तीनतालात मात्र मिनिटाला २४० मात्रा (ठोके) धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची होते, म्हणजे जाण्यायेण्यात जवळपास एक मात्रा गेली, नेट रडत असेल तर दीड. इकडून तबल्याचा ठेका लावून तुम्हाला गायला सांगितलं, तर तुम्ही तुमच्या कानाप्रमाणे अगदी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आलात तरी आम्हाला सम हुकलेलीच ऐकू येणार. महागडा फोन घेऊन यात फरक पडत नाही. शिवाय दोन्हीकडून एकदम आवाज आला की ॲप त्यातला एक दाबून टाकतं.

म्हणून आमचा तास असा चालतो: शिक्षक एक ओळ गातात, थांबतात, मग तुम्ही म्हणता. तानपुरा आणि ठेका मात्र तुमच्या घरी वाजला पाहिजे. दुसऱ्या फोनवर तानपुऱ्याचं आणि तबल्याचं ॲप लावा, घरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल तर उत्तमच. तुमचा आवाज आणि तुमचा ठेका एकाच वाटेने, सारखाच उशीर घेऊन आमच्याकडे येतात, त्यामुळे लय कुठे सुटली, सूर कुठे उतरला हे आम्हाला स्पष्ट कळतं.

फोनमध्ये काय बदलायचं

व्हिडिओ कॉलची ॲप्स बोलण्यासाठी बनलेली आहेत. सलग चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं त्यांचं गणित. त्यामुळे तानपुरा आणि पेटीचा लांब सूर ती खुशाल गिळतात, मुलाने आकार (‘आ’ म्हणत लांब सूर) लावला की मध्येच आवाज चिरल्यासारखा येतो, आणि घरच्यांना वाटतं गळ्यातच काही बिघाड आहे. आम्ही झूम वापरतो. त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे. ती सुरू करा, आणि तास सुरू झाल्यावर स्क्रीनवरही ती चालू आहे ना, हे बघा. कॉम्प्युटर असेल तर तिथेच ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ही मिळेल. इको कॅन्सलेशन बंद करायचं असेल तर आधी कानात इअरफोन घाला, नाहीतर आमचाच आवाज फिरून आमच्याकडे येतो.

इअरफोन वायरचे घ्या. ब्लूटूथमध्ये उशीर आणखी वाढतो, आणि माइकही त्याचाच वापरला तर आवाज जुन्या टेलिफोनसारखा बारीक होतो. फोन हातात धरू नका, तीनेक फुटांवर स्टँडवर ठेवा. पेटीवाल्यांनी कॅमेरा वरून, बोटं दिसतील असा लावायचा. चेहरा दिसला नाही तरी चालेल, अंगठा कुठे पडतो ते दिसायला हवं.

नेटची फार चिंता नको. तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. रेंज कमी झाली तर व्हिडिओ बंद करून आवाज चालू ठेवा, गाण्याला तेवढं पुरतं. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात लाईट आणि रेंज जोडीनेच जातात. त्या दिवसांत तास हुकला तर दुसऱ्या दिवशी घेऊ, पैसे बुडणार नाहीत.

पट्टी

पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावर तुमचा सा धरायचा ते, पहिल्या तासाला शिक्षक ठरवतील. बायकांची बहुतेक काळी चार किंवा पाच, पुरुषांची पांढरी दोन, काळी एक अशी निघते. वयात येणाऱ्या मुलांचा आवाज फुटत असताना ती बदलावी लागते. तेव्हा वरच्या सुरासाठी ताण देऊ नका. रामभाऊ विजापुऱ्यांनी आयुष्यभर पेटी शिकवली ते हे गाव. माळ्यावर आजोबांची पेटी अजूनही पुष्कळ घरांत सापडते. ती खाली काढा, पण तिचे सूर ॲपच्या तानपुऱ्याशी जुळतीलच असं नाही. ॲपमध्ये सूर किंचित चढवायची-उतरवायची सोय असते, ती वापरून तानपुरा पेटीला मिळवून घ्या. खरा तानपुरा घ्यायची घाई करू नका. दोनेक वर्षं टिकलात तर मिरजेला जाऊन बघू; आम्ही बरोबर येतो.

जे ऑनलाइन जमत नाही

आठ वर्षांखालच्या मुलांना आम्ही ऑनलाइन घेत नाही. त्यांना समोर माणूस लागतो. बाकीच्यांनी महिन्यातून एका रविवारी वर्गात यायचं, तिथे तबलजी असतात. साथीला माणूस बसला की ॲपवर पाठ झालेलं निम्मं गाणं विसरायला होतं, आणि तेच आधी होऊन गेलेलं बरं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला परीक्षक समोर बसतात, तिथे म्यूट बटण नसतं. लांबच्या शहरातल्यांनी सुट्टीत गावी आल्यावर सलग काही दिवस यावं.

प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग पाठवतो. ते ऐकायला आहे, त्यावरच भागवायला नाही. इथल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी तबकड्या ऐकून हुबेहूब गात, तरी त्यांना मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला पाठवलंच.

शिकवणं मराठीत, लागेल तिथे कन्नडात. नाट्यगीत, अभंग हवा तर तो, वचन किंवा दासरपद (कन्नड भक्तिरचना) हवं तर तेही. राग दोन्हीकडे तेच. कन्नड लिपीत स्वरलेखन हवं असेल तर आधी सांगा.

तास ४५ मिनिटांचा, आठवड्यातून दोन. झूमचं खातं आमचं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पहिला तास मोफत. त्यात गाणं थोडं आणि सेटिंग जास्त होतं, तेव्हा घरातलं फोन समजणारं कुणीतरी शेजारी बसवा. तास रद्द करायचा असेल तर सकाळी दहाच्या आत मेसेज टाका. फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, यूपीआयने किंवा रविवारी याल तेव्हा रोख.