लहान आतड्यातले पॉलिप आणि रक्तस्राव

लहान आतड्यातला पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला मांसाचा गोळा, कधी देठावर लोंबणारा, कधी सपाट चिकटलेला. मोठ्या आतड्याच्या मानाने इथे पॉलिप बरेच कमी होतात, पण झाले की सापडता सापडत नाहीत. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत जाते, खालून घातलेली फार तर लहान आतड्याचं शेवटचं टोक बघते, मधलं कित्येक फूट आतडं तसंच राहतं आणि रिपोर्टवर लिहिलेलं असतं 'नॉर्मल'.

रक्त भळाभळा जातंच असं नाही. पॉलिपचं टोक घासून सोलवटतं आणि थेंब थेंब रक्त महिनोन्‌महिने जात राहतं, डोळ्यांना दिसतही नाही. माणूस डॉक्टरकडे जातो ते थकवा आणि धाप घेऊन. हिमोग्लोबिन कमी, मग आयर्नच्या गोळ्या, थोडं वाढतं, गोळ्या थांबल्या की परत खाली, आणि बाई असेल तर सगळा दोष पाळीवर ढकलून मोकळे. जास्त रक्त गेलं तर संडास डांबरासारखी काळी, चिकट होते, पण आयर्ननेही ती काळी होतेच, म्हणून तिथेही घोळ.

याचं ठळक उदाहरण म्हणजे प्यूट्झ-जेगर्स सिंड्रोम. डच डॉक्टर प्यूट्झ यांनी 1921 ला आणि अमेरिकेत जेगर्स यांनी 1949 ला याचं वर्णन केलं. ओठांवर, गालाच्या आतून काळपट तपकिरी ठिपके, आणि पोटात पॉलिप, जास्त करून लहान आतड्यात. एसटीके11 या जीनमधला दोष, आई किंवा वडलांना असेल तर प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता. ओठांवरचे ठिपके वयाबरोबर फिके होतात, गालाच्या आतले बहुतेक राहतात, म्हणून तोंड उघडून बघायला हवं, जे घाईत राहूनच जातं. पॉलिप मोठा झाला की आतडं आतड्यात शिरून अडकतं, मग रात्रीतून ऑपरेशन.

2001 ला अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅप्सूल एंडोस्कोपीने मधला भाग दिसायला लागला, गिळलेली कॅमेऱ्याची गोळी सुमारे 8 तास फोटो काढत जाते. पण ती पॉलिप काढू शकत नाही, तुकडाही घेता येत नाही. त्यासाठी जपानच्या डॉक्टर यामामोतोंची डबल बलून एंटेरोस्कोपी, दोन फुगे आळीपाळीने फुगवून आतडं नळीवर चुण्यांसारखं गोळा करत आत जायचं आणि पॉलिप तिथेच कापायचा. आपल्याकडे आतड्याच्या टीबीने जागा आवळलेली असू शकते, तिथे कॅप्सूल अडकली तर ती काढायला पोट उघडायची वेळ येऊ शकते, त्यामुळे तशी शंका असली तर आधी सीटी स्कॅन करून घेतात.