पार्श्वभूमी : लोकप्रशासनाच्या वर्गात सामाजिक समता कुठून आली?

पुण्यात लोकप्रशासनात एम.ए. करणारा, किंवा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत यूपीएससीसाठी हाच वैकल्पिक विषय घेऊन बसलेला विद्यार्थी सामाजिक समतेकडे येतो तो बहुधा ‘नवलोकप्रशासन’ या प्रकरणातून. हे प्रकरण सुरू होतं अमेरिकेत, १९६८ साली. व्हिएतनाम युद्ध चालू होतं, एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, शहरं पेटली होती आणि लोकप्रशासनाचे प्राध्यापक मात्र काटकसर आणि कार्यक्षमता यांतच रमले होते. सिरॅक्यूज विद्यापीठातल्या ड्वाइट वाल्डो यांनी त्या वर्षी तरुण अभ्यासकांना मिनोब्रुक इथे चर्चेला बोलावलं. त्यांच्यापैकी जॉर्ज फ्रेडरिक्सन यांनी पुढे मुद्दा नेमका मांडला : सेवा चांगली आहे का, स्वस्त आहे का, एवढं विचारून भागत नाही, ती कोणाला मिळते आणि तिच्यामुळे विषमता कमी होते का, हेही विचारायला हवं.

हा प्रश्न हवेतला नव्हता. मिसिसिपीतल्या शॉ या गावाविरुद्धचा खटला १९७१ मध्ये अपील न्यायालयात गाजला. तिथे कच्च्या रस्त्यांवरची जवळपास ९८ टक्के घरं कृष्णवर्णीयांची होती आणि सांडपाण्याची वाहिनी न पोहोचलेली ९७ टक्के घरं त्यांच्याच वस्त्यांत होती. गाव कार्यक्षम होतं की नाही, हा वादच नव्हता. अमेरिकेतल्या राष्ट्रीय लोकप्रशासन अकादमीने सामाजिक समतेसाठी २००० मध्ये कायमची समिती नेमली आणि २००५ मध्ये काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता यांच्या जोडीला समतेला या विद्याशाखेचा चौथा आधारस्तंभ मानलं. मिनोब्रुकनंतर सदतीस वर्षांनी!

पुण्यात बसून हा इतिहास १९६८ पासून शिकवणं मला अपुरं वाटतं. जोतीराव फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, म्हणजे कारभार त्यांनी आतून पाहिला होता. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी हिशेबच मांडला : सरकारी महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टांतून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. पुढच्या वर्षीच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारी खात्यांत एकाच जातीचा भरणा असल्याने शेतकरी कसा नाडला जातो, हे आलं. पैसा कोणाचा, सेवा कोणाला आणि टेबलामागे कोण, हे तिन्ही प्रश्न तिथे एकत्र आहेत.

पुढे आपल्याकडे यांतला तिसरा प्रश्नच पुढे गेला. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा राखून ठेवल्या. मग सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाचं संविधानातलं कलम १६(४), मंडल आयोग, त्याच्या आरक्षणाला मान्यता देणारा १९९२ चा इंद्रा साहनी निकाल. हे यश मोठंच आहे. पण त्यामुळे वर्गात समता म्हणजे भरती आणि भरती म्हणजे कायद्याचा भाग, असं समीकरण बसलं. नळाला पाणी किती वेळ येतं, कोणत्या वस्तीत येत नाही, याचं मोजमाप समाजशास्त्राकडे किंवा अर्थशास्त्राकडे गेलं. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून पुण्याचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केलं ते अर्थशास्त्रज्ञ म्हणून.

कचरावेचकांचंही तसंच झालं, तो विषयही लोकप्रशासनाबाहेर राहिला. एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढशिक्षण विभागाने त्यांच्यात काम सुरू केलं, त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. त्यांच्या ओळखपत्रांना महापालिकेने मान्यता दिली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. या कामात बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. काम यंत्रांच्या ठेकेदाराला द्यायचं की पिढ्यान्‌पिढ्या ते करणाऱ्यांना, यात खर्च, कार्यक्षमता आणि समता तिन्ही एकाच फायलीत येतात. शॉ गावाच्या खटल्याशेजारी ठेवून शिकवायला याहून जवळचं प्रकरण पुण्यातल्या प्राध्यापकाला शोधावं लागणार नाही.