शाबूकंदाचे दोन रोग: मोझॅक आणि ब्राऊन स्ट्रीक

एकादशीला कोल्हापुरात घरोघरी शाबूची खिचडी शिजते, पण तो शाबू ज्या कंदापासून बनतो त्याचं झुडूप पाहिलेली माणसं इथं कमीच. शाबूकंद, म्हणजे कसावा. आपल्याकडं येणारा शाबू मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम-नामक्कल पट्ट्यातला. केरळात हाच कंद उकडून मासळीच्या कालवणाबरोबर खातात, आणि आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचं रोजचं पोट त्याच्यावर चालतं. तिथं तो पिकवणारे बहुतेक एक-दीड एकरवाले.

या पिकाला विषाणूंचे दोन मोठे रोग आहेत, मोझॅक आणि ब्राऊन स्ट्रीक. दोन्हींची वाहक पांढरी माशी, दोन्ही बेण्यातून येतात आणि दोन्हींत पानं पिवळी पडतात. म्हणून त्यांची सरमिसळ होते, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर करून लोक फसतात.

शाबूकंद बी पेरून लावत नाहीत. काढणीनंतर खोडाचे वीतभर तुकडे करायचे आणि तेच पुन्हा रानात लावायचे. ऊसवाल्याला यातली मेख सांगायला नको. गवताळ वाढ हा रोग झालेल्या उसाच्या फडातलं बेणं पाहुण्याकडून फुकट आणलं, की लावणीच्या दिवशीच रोग आपल्या रानात आला. त्रिस्तरीय बेणेमळ्याचा, म्हणजे तीन टप्प्यांत निरोगी बेणं वाढवण्याचा, सगळा खटाटोप हे टाळण्यासाठीच असतो. भेंडीवरच्या केवड्याचं तसं नाही. तोही पांढऱ्या माशीनं येतो, त्याचा विषाणू मोझॅकच्याच गोत्रातला. पण तो सहसा बियाण्यातून येत नाही, माशीला तो दर हंगामात बाहेरून आणावा लागतो. शाबूकंदात मात्र रोग पिकाबरोबर एका सालातून दुसऱ्या सालात जातो.

आता झाडाजवळ जाऊन बघू. मोझॅक बघायला शेंड्याकडं बघायचं. कोवळ्या पानावर गर्द हिरव्याशेजारी फिकट पिवळे पट्टे दिसतात. पान वेडंवाकडं होतं, त्याच्या पाकळ्या एका बाजूला आखडतात आणि झाड खुरटं राहतं. कंद निघतो तो बारीक, पण कापला तर आतून पांढराशुभ्र. म्हणजे वजनात मार, खायला अडचण नाही.

ब्राऊन स्ट्रीकसाठी खाली वाकून जुनी पानं बघावी लागतात. शिरांच्या कडेनं पिसासारखा पिवळेपणा पसरलेला असतो, पण पानाचा आकार बिघडत नाही. खोडाच्या हिरव्या भागावर कधी तपकिरी रेघा असतात, कधी नसतात. काढणी जवळ आली की ही खालची पानं तशीही गळतात, मग बघायला काही उरतच नाही. झाड डोळ्याला ठणठणीत. कोयत्यानं कंद कापला की मग कळतं: पांढऱ्या गरात पिवळट-तपकिरी, बुचासारखे कोरडे, टणक डाग. कुठं कंदाला मध्येच करकोचा पडलेला असतो. थोडा डाग असेल तर तेवढा काढून बाकीचा कंद वापरतात. जास्त असेल तर ढीगच्या ढीग टाकावा लागतो. (काढून दोन-तीन दिवस ठेवलेल्या निरोगी कंदातही निळ्या-काळ्या रेषा येतात. तो रोग नव्हे, हा कंद टिकतच नाही.)

माशी एकच असली तरी दोन्ही विषाणू तिच्यावर सारखे स्वार होत नाहीत. मोझॅकचा विषाणू तिच्या शरीरात शिरतो आणि बरेच दिवस टिकतो, म्हणून माशी वाऱ्याबरोबर जाईल तिथं रोग पोचतो. ब्राऊन स्ट्रीकचा विषाणू तिच्याजवळ एक-दोन दिवसच राहतो. माशी तो या सरीतून त्या सरीत, फार तर शेजारच्या रानात नेते. या रोगाचा लांबचा प्रवास माणसाच्या हातानं होतो, डोक्यावरच्या बेण्याच्या मोळीतून.

युगांडात दोन्ही एकामागून एक आले. 1980 च्या दशकाअखेर तिथं मोझॅक असा भडकला, की पुढं बऱ्याच भागांत लोकांनी शाबूकंद लावणंच सोडलं. दोन वेगवेगळ्या मोझॅक विषाणूंच्या सरमिसळीतून नवा प्रकार तयार झाला होता, आणि एकाच झाडात दोन विषाणू भेटले की रोग आणखी जोर धरत होता. उपाय म्हणून मोझॅकला दाद न देणारे वाण आणले, त्यांचं बेणं गावोगाव वाटलं, पीक पुन्हा उभं राहिलं. ब्राऊन स्ट्रीक तेव्हा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याचा आणि मलावी सरोवराकाठचा रोग समजला जाई. 1936 साली आजच्या टांझानियात त्याचं पहिलं वर्णन झालं होतं, आणि समुद्रसपाटीपासून 1000 मीटरच्या वर तो फारसा चढत नाही असा समज होता. 2004 मध्ये तो युगांडाच्या उंच भागात सापडला. मोझॅकला पुरून उरलेल्या वाणांतले काही, उदाहरणार्थ टीएमई 204, त्याला सहज बळी पडले. पानं हिरवीगार, त्यामुळं शेतकरी विश्वासानं बेणं देत-घेत राहिले.

मला यात सगळ्यात वाईट वाटतं ते हे, की शेतकऱ्यानं काही चुकीचं केलं नव्हतं. निरोगी दिसणाऱ्या झाडाचं बेणं घ्या, रोगट झाड उपटा, हा मोझॅकवरचा सल्ला बरोबरच होता. रोग लवकर दिसतो, म्हणून झाड निवडता येतं. ब्राऊन स्ट्रीकपुढं हाच सल्ला लुळा पडतो. तिथं प्रयोगशाळेत तपासलेलं बेणं हवं, किंवा नामिकोंगासारखा बऱ्यापैकी टिकणारा वाण. किनाऱ्यावरचे शेतकरी आणखी एक करतात: डाग पसरायच्या आत कंद लवकर काढून घेतात आणि वजनातली घट सोसतात. फवारणीवर भिस्त ठेवण्यात दोन्हीकडं फारसा अर्थ नाही. बेण्यातच विषाणू असेल तर माशी मारून काय होणार?

भारतात मोझॅक आहे आणि तो जुना आहे. इथं त्याचे दोन विषाणू आढळतात, एकाच्या नावात भारत आणि दुसऱ्याच्या नावात श्रीलंका. ब्राऊन स्ट्रीकची आपल्याकडं नोंद नाही. तेव्हा करवीर-कागल भागात कुणी हौसेनं शाबूकंद लावणार असेल, तर त्याला सध्या शेंड्याची पानं बघून बेणं निवडता येईल. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेनं श्री पद्मनाभ हा मोझॅकला तोंड देणारा वाणही काढला आहे. परदेशातून मात्र कुणी पिशवीत दोन कांड्या घालून आणू नयेत, त्या कितीही टवटवीत दिसल्या तरी.