सोलापूर–रायचूर: ग्रिडची शेवटची गाठ

सोलापूरच्या पूर्व भागात लाईट गेली की आधी कानाला कळतं. गल्लीभर चाललेला मागांचा खडखडाट एकदम थांबतो. आडवा धागा नेणारा धोटा निम्म्यात अडकतो, आणि लाईट आल्यावर माग पुन्हा चालू केला की टॉवेलवर त्याच जागी आडवी पट्टी उमटण्याची भीती असते. मजुरी नगावर, त्यामुळे बंद पडलेला तास कामगाराच्या खिशातून जातो. एखादी डीपी जळाली तर तेवढ्यावर भागतं. अख्खी ग्रिड, म्हणजे वीजकेंद्रांना गावाशहरांशी जोडणारं तारांचं जाळं, बसली की काय होतं, ते देशाने २०१२ साली पाहिलं.

३० जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास उत्तरेची ग्रिड कोसळली. कशीबशी सावरली तोच ३१ तारखेला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही बसल्या. ६० कोटींहून जास्त लोक विजेविना राहिले. रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, दिल्लीची मेट्रो बंद पडली, पश्चिम बंगालच्या कोळसा खाणींत सुमारे २०० कामगार जमिनीखाली अडकले. उत्तरेची राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती आणि पश्चिमेकडून तिकडे जाणाऱ्या काही लाइनी आधीच बंद होत्या. उरलेला भार ४०० केव्हीच्या (किलोव्होल्ट) बिना–ग्वाल्हेर लाइनवर आला, ती ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि मग एकामागून एक सगळंच सुटत गेलं.

महाराष्ट्र त्यातून वाचला. केंद्रात ऊर्जामंत्री होते आपले सुशीलकुमार शिंदे, आणि ३१ जुलैलाच त्यांच्याकडे गृहखातं गेलं. सोलापुरात तेव्हा चर्चा झाली ती बहुतेक या बढतीची. मला मात्र पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

एका ग्रिडमध्ये असणं म्हणजे हजारो जनित्रं एकाच तालात फिरणं, सेकंदाला ५० आवर्तनं. देशातल्या पाच विभागांच्या ग्रिडची ही जोडणी टप्प्याटप्प्याने झाली. १९९१ मध्ये पूर्व आणि ईशान्य एकत्र आले, २००३ मध्ये पश्चिम जोडली गेली, २००६ मध्ये उत्तर. दक्षिण तेवढी आपल्या वेगळ्या तालात राहिली. चंद्रपूरजवळच्या भद्रावतीसारख्या ठिकाणांहून तिला मोजून वीज दिली जाई, पण तिची टंचाई त्याने भागत नव्हती. शेवटी ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री ७६५ केव्हीची सोलापूर–रायचूर लाइन चालू झाली आणि दक्षिण उरलेल्या देशाशी जोडली गेली. देशभराची एक ग्रिड झाली ती या लाइनीने. १६ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सोलापुरात येऊन तिचं लोकार्पण केलं.

म्हणजे २०१२ मध्ये वेगळी राहिल्यामुळे सुरक्षित असलेली दक्षिण दीड वर्षात आत आली. हे बरोबरच झालं, असं माझं ठाम मत आहे. एखादा मोठा वीजनिर्मिती संच अचानक बंद पडला तर त्याचा धक्का आता देशभर वाटला जातो. पण त्यासोबत शिस्तही हवी: ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढायची नाही, आणि ताल बिघडू लागला की काही फीडर, म्हणजे भागाभागाला वीज नेणाऱ्या लाइनी, आपोआप सुटल्याच पाहिजेत.

फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहे, मग आपल्याला कसली चिंता, असं लोक म्हणतात. तिथली वीज ग्रिडमध्ये जाते, थेट आपल्या घरात येत नाही. आणि ग्रिड बसली तर अशा केंद्रालाही पुन्हा उठायला बाहेरून वीज लागते. पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या आधी चालाव्या लागतात. त्यामुळे सुरुवात करायची ती कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांनी.

तोवर शहराचं काय, हे उजनीला विचारावं. शंभरएक किलोमीटरवरून पाणी येतं ते पंपांच्या जोरावर. पंप थांबले की जलवाहिनी रिकामी होत जाते, वीज आल्यावर ती पुन्हा भरावी लागते, मग पाकणीला शुद्धीकरण, मग टाक्या. माग तासाभरात खडखडू लागतात. नळाची पाळी, जी आधीच काही दिवसांआड असते, ती उद्यावर जाते.